दोन बोल्टांचा पुर्जा आणि अकरा हजारांचा धडा

जुन्या पेट्रोल गाडीचा प्रेशर रेग्युलेटर : ओळख, तपासणी आणि बदल

कापडाच्या धंद्यात गाडी ही हौस नसते, ते चालतेफिरते दुकान असते. मागच्या सीटवर नमुन्यांचे गठ्ठे, डिकीत दोन-चार ताके, खिशात उधारीची वही; पहाटे मालेगाव सोडायचे आणि दुपारपर्यंत भिवंडी नाहीतर मुंबई गाठायची, हा आमचा महिन्यातून दोन वेळचा शिरस्ता. आमची गाडी २००३ सालची, तेराशे सी.सी.ची, पेट्रोलवर चालणारी. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. एकवीस वर्षे उन्हात आणि इंजिनाच्या गरमीत काढलेल्या रबराने आणखी किती साथ द्यावी?

गाडी बदलत का नाही, असे घरची मुले विचारतात. यंत्रमागाच्या धंद्याची तब्येत ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे उत्तर सांगायला नको. १५ वर्षे भरली तेव्हा आम्ही नोंदणीचे नूतनीकरण केले, पर्यावरण कर भरला; त्यानंतर ५ वर्षांनी पुन्हा तेच केले. आमच्यासारखे कितीतरी छोटे व्यापारी आणि कारागीर अशाच जुन्या गाड्यांवर रोजी कमावतात. म्हणून आमच्यावर गुजरलेली ही हकीकत आणि तिच्यातून शिकलेले काम वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात कशी झाली

२०२४ च्या पावसाळ्यात गाडीचे लक्षण बदलले. लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी १० वर आली. सकाळी थंड इंजिन एका सेल्फला सुरू व्हायचे, पण इगतपुरीला चहासाठी दहा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू होताना रडायचे. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून तीन-चार वेळा सेल्फ मारावा तेव्हा भपकन काळा धूर सोडून गाडी उठायची. आणि आत पेट्रोलचा वास. हा वास जावा म्हणून आम्ही काय केले, तर आरशाला अत्तराची कुपी टांगली! आज ते आठवले की स्वतःचीच लाज वाटते. त्याच गाडीतून घरची मंडळी आणि नातू कसारा घाट उतरले होते, आणि मागे सुताचा माल भरलेला होता.

आमचे जुने मिस्त्री अठरा वर्षांपासूनचे. कार्बोरेटरच्या जमान्यातले उस्ताद. कानाने इंजिन ऐकून जेट फिरवणारे. त्यांनी प्लग, वायरी आणि फिल्टर बदलला, १,९०० रुपये झाले. फरक नाही. मग इंजेक्टर साफ केले, १,८०० रुपये. थोडा फरक, आठ दिवसांत पुन्हा तेच. मग टाकीतला पंप बदलला, ५,२०० रुपये. त्यानंतर थ्रॉटलचा सेन्सर, २,१०० रुपये. एकूण ११,००० रुपये गेले आणि गाडी होती तशीच. शेवटी उस्ताद म्हणाले, "शेठ, आता इंजिन खोलावे लागेल. रिंगा बसल्यात." खर्च सांगितला पस्तीस हजार.

आमचा तोल गेला. भर बाजारात, दहा माणसांसमोर आम्ही त्यांना नको ते बोललो. अठरा वर्षांचा व्यवहार पाच मिनिटांत मोडला. उस्तादांनी हात पुसले, गाडीची किल्ली आमच्या हातावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, "शेठ, मला जेवढे येते तेवढे केले."

पुढच्या आठवड्यात नाशिकच्या एका छोट्या गॅरेजात एका तरुणाने बॉनेट उघडले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेला मुलगा. त्याने कोणताही पाना हातात घेतला नाही. इंजिनावरच्या एका वाटीएवढ्या पुर्जाला लागलेली पातळ रबरी नळी ओढून काढली आणि नळीचे तोंड आमच्या बोटावर टेकवले. बोट ओले झाले. "चाचा, वास घ्या," तो म्हणाला. पेट्रोल! "या नळीत फक्त हवा असायला हवी. आतला पडदा फाटलाय. रेग्युलेटर बदला, इंजिनाला हात लावू नका."

नवा पुर्जा १,६५० रुपये, होज आणि क्लिपा २५०, मजुरी ४००. एकूण २,३०० रुपयांत पाच महिन्यांचा त्रास संपला. ऑइल बदलायचे १,६०० वेगळे. त्याचे कारण पुढे येईल.

हा पुर्जा करतो काय

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेच्या ओढीने इंजिनात जात असे. जून १९९९ पासून दिल्ली परिसरात आणि २००० साली देशभर धुराचे नियम कडक झाले, तेव्हा पेट्रोल गाड्यांत इंजेक्शनची पद्धत सर्रास आली. बाजारात तिला एमपीएफआय म्हणतात. या पद्धतीत टाकीतला विजेवरचा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून इंजिनावरच्या एका धातूच्या नळीत येते. तिला रेल म्हणतात. रेलला इंजेक्टर जोडलेले असतात. गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टरला काही हजारांश सेकंदांपुरता उघडतो आणि तेवढ्यात ठरलेले पेट्रोल फवारले जाते.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या गाड्यांतला कॉम्प्युटर रेलमधला दाब मोजत नाही, तो फक्त वेळ मोजतो. दाब ठरल्याप्रमाणेच आहे, असे तो धरून चालतो. आपण मीटरने कापड मोजतो तेव्हा मीटरपट्टी खरी आहे असे धरूनच मोजतो. पट्टीच दोन इंच लांब निघाली तर हात कितीही प्रामाणिक असो, प्रत्येक ताक्यात नुकसान. दाब सांभाळणारा रेग्युलेटर ही या व्यवहारातली मीटरपट्टी आहे.

त्याची रचना साधी आहे. पत्र्याची बंद डबी. मध्ये रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवत असतो. दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की पडदा मागे सरकतो, वाट उघडते आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. घरातल्या कुकरची शिटी हेच काम करते. आमच्या कारागीर बंधूंना दुसरे उदाहरण पुरेल : मागावर भीमाला लावलेले वजन ताण्याचा ताण सारखा ठेवते. वजन कमी पडले तर कापड सैल, जास्त झाले तर तार तुटते. इंजिनातही तसेच.

आता ती पातळ नळी. ती इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेली असते आणि स्प्रिंगच्या बाजूला हवेची ओढ पोहोचवते. गाडी जागेवर चालू असते तेव्हा थ्रॉटल बंद असल्याने आत ओढ जास्त असते, आणि ती ओढ इंजेक्टरमधून जादा पेट्रोल खेचू पाहते. तेव्हा हीच ओढ पडद्याला मागे खेचून रेलमधला दाब थोडा उतरवते. घाट चढताना थ्रॉटल उघडतो, ओढ कमी होते आणि दाब पुन्हा पूर्ण होतो. असा दोन्हीकडचा हिशेब हा पुर्जा विजेशिवाय, बिनतक्रार सांभाळतो.

दाब किती? या पिढीच्या पुष्कळ गाड्यांत किल्ली चालू पण इंजिन बंद असताना साधारण अडीच ते तीन बार, आणि इंजिन जागेवर चालू असताना त्याहून अर्धा बार कमी. टायरच्या भाषेत सांगायचे तर ३६ ते ४४ पौंड. नेमका आकडा मात्र त्या-त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहावा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

बिघाडाचे तीन प्रकार

पहिला, पडदा फाटणे. आमचे तेच झाले. पेट्रोल त्या पातळ नळीतून थेट इंजिनाच्या हवेत शिरते. कॉम्प्युटरला याची खबर नसते. इंजिन बंद केल्यावरही रेलमधले उरलेले पेट्रोल आत झिरपते. म्हणून गरम गाडी दहा मिनिटांनी सुरू होताना गुदमरते, आणि रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी निमूट सुरू होते. माणूस त्यामुळेच फसतो.

दुसरा, वाट उघडायला अडकणे. दाब चढलेला राहतो, प्रत्येक फवाऱ्यात जादा पेट्रोल जाते. काळा धूर, काजळी धरलेले प्लग, पडलेले ॲव्हरेज. पण परतीची नळी दबली किंवा तुंबली असली तरी नेमके हेच लक्षण दिसते. आधी नळी पाहावी.

तिसरा, वाट बंद न होणे किंवा स्प्रिंग सैल पडणे. दाब उतरतो, गाडी घाटात दम टाकते, झटके देते, सकाळी उशिरा सुरू होते. येथेही सावध राहावे. फिल्टर चोक झाला किंवा पंप थकला तरी हेच होते.

या खर्चाचा हिशेब व्यापारी नजरेने मांडतो. आमची गाडी महिन्याला सुमारे १,२०० किलोमीटर चालते. लिटरला १४ च्या हिशेबाने ८६ लिटर लागते, १० च्या हिशेबाने १२०. म्हणजे महिन्याला ३४ लिटर वाया. लिटरला शंभर रुपये धरले तरी ३,४०० रुपये. पाच महिन्यांत १७,०००. पुर्जांवर फुकट गेलेले ११,००० वेगळेच. आणि हे फक्त पैशांचे. न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, बेअरिंगांची झीज वाढते. धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जादा पेट्रोलाने तापून निकामी होतो. सर्वांत वाईट म्हणजे आगीचा धोका. मागे कापड असलेल्या गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर अत्तराची कुपी टांगू नका, गाडी उभी करा.

तपासणी : अंदाज नको, माप घ्या

पहिली तपासणी फुकटची आहे. इंजिन बंद करून रेग्युलेटरवरची पातळ नळी काढावी. आत ओल किंवा पेट्रोलचा वास असेल तर निकाल लागला, पुर्जा गेला. नळी कोरडी असेल तर इंजिन चालू करून नळी काढून तिचे तोंड बोटाने बंद ठेवावे आणि रेग्युलेटरच्या टोकाकडे पाहावे. थेंब दिसला की तत्काळ इंजिन बंद. नळीला भेग असेल तर तीही बदलावी. दहा-वीस रुपयांच्या नळीने पुर्जावर खोटा आळ येतो.

दुसरी तपासणी दाबाच्या घड्याळाची, म्हणजे प्रेशर गेजची. फिल्टर आणि रेल यांच्यामध्ये टी जोडून गेज लावतात. किल्ली चालू करून दाब पाहावा, मग इंजिन चालू करून पाहावा. त्यानंतर पातळ नळी काढताच काटा साधारण अर्धा बार वर गेला पाहिजे. काटा जागचा हलला नाही तर एक तर नळीत ओढ येत नाही किंवा रेग्युलेटर काम करीत नाही.

तिसरी तपासणी धीराची. इंजिन बंद करून गेजकडे पाहत राहावे. दाब काही मिनिटे तरी टिकला पाहिजे. लगेच पडत असेल तर गुन्हेगार तिघांपैकी एक : रेग्युलेटर, गळका इंजेक्टर, किंवा पंपातला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह. काही मिस्त्री परतीची नळी चिमटीत दाबून पाहतात. कुशल हाताने क्षणभर केले तर कळते. पण वीस वर्षांची नळी दाबली की चिरते आणि दाब एकदम चढतो. घरच्या माणसाने हा प्रयोग करू नये.

उर्दूत जुनी म्हण आहे, नीम हकीम खतरा-ए-जान. गाडीच्या बाबतीतही अर्धवट इलाज हा न केलेल्या इलाजापेक्षा महाग पडतो.

बदलण्याची रीत

आमच्या गावात शुक्रवारी माग बंद असतात. नाशिकच्या त्या तरुणाने पुर्जा बसवला तो आम्ही शेजारी उभे राहून पाहिला. पुढे आमच्या भाच्याच्या त्याच जातीच्या गाडीचे काम निघाले तेव्हा एका शुक्रवारी ते आम्ही स्वतः, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केले. तीच रीत क्रमाने देतो.

जागा मोकळी असावी. बंद खोलीत हे काम करू नये. इंजिन थंड हवे. जवळ विडी, सिगारेट, शेगडी, वेल्डिंग काही नको. आग विझवण्याचे नळकांडे किंवा निदान वाळूची बादली जवळ ठेवावी.

प्रथम दाब उतरवावा. टाकीचे झाकण उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी आणि झाकण पुन्हा लावावे. इंजिन चालू करून पेट्रोल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढावा. रेलमधले पेट्रोल संपले की इंजिन आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन वेळा थोडा थोडा सेल्फ मारावा. किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. हे न करता बोल्ट सैल केला तर पेट्रोलची धार थेट तोंडावर येते.

रेग्युलेटरखाली सुती चिंध्या पसराव्यात. येथे आमच्या धंद्याचे ज्ञान कामी आले. सुती कापड पेट्रोल शोषते. पॉलिएस्टरचा तुकडा शोषत नाही आणि घासल्याने त्यावर विजेचा भार साठतो. कटपीस फुकट मिळतो म्हणून सिंथेटिक वापरू नये.

पातळ नळी काढावी. परतीच्या नळीची क्लिप सैल करून नळी हलक्या हाताने फिरवत सोडवावी. सुकलेली नळी ओढली तर तुटते. थोडे पेट्रोल सांडेलच. ते चिंधीने टिपावे. मग दोन बोल्ट काढून रेग्युलेटर सरळ ओढून बाहेर घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची जागा. जुन्या पुर्जाबरोबर त्याची रबरी ओ-रिंग बाहेर आली की नाही, हे पाहावे. बऱ्याचदा ती रेलच्या तोंडातच चिकटून राहते. तिच्यावर नवा पुर्जा बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात आणि इंजिन चालू होताच पेट्रोल गळते. बॅटरी घेऊन तोंडात पाहावे, बोट फिरवावे, बैठक स्वच्छ पुसावी. जुनी रिंग कितीही चांगली दिसली तरी पुन्हा वापरू नये.

नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा पुसटसा हात द्यावा, म्हणजे बसताना ती चिरत नाही. सिलिकॉन किंवा चिकटवण्याचा लेप अजिबात लावू नये; पेट्रोलात तो विरघळून इंजेक्टरमध्ये अडकतो. पुर्जा वाकडा न करता सरळ आत दाबावा. दोन्ही बोल्ट आधी हाताने लावावेत, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. हे बोल्ट बारीक आहेत आणि रेल अनेकदा ॲल्युमिनियमची असते. जोर दाखवला की आटे गेले. परतीच्या नळीला भेगा असतील तर इंजेक्शनच्या पेट्रोलसाठीचीच होज आणि नवी क्लिप घ्यावी. पाण्याची किंवा गॅसची नळी चालत नाही.

नळ्या जोडल्यावर रिले परत लावावा, मग बॅटरीची वायर जोडावी. लगेच सेल्फ मारू नये. किल्ली चालू करावी, दोन-तीन सेकंद पंपाचा आवाज ऐकावा, बंद करावी. असे चार-पाच वेळा. तेवढ्यात रेल भरते. बॅटरीच्या उजेडात सांध्याभोवती कोरडे आहे का ते पाहावे. सर्व कोरडे असेल तरच इंजिन सुरू करावे, पुन्हा पाहावे आणि गेज लावून दाब तपासावा.

शेवटी ऑइलची दांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी विनाकारण वाढलेली असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलावे. आम्ही १,६०० रुपये यासाठीच खर्च केले. भिजलेल्या चिंध्या बंद कोपऱ्यात फेकू नयेत, मोकळ्या हवेत सुकवाव्यात. पेट्रोल गटारीत ओतू नये.

बाजारात पुर्जा घेताना

दुकानात जाऊन नुसते 'रेग्युलेटर द्या' म्हणू नये. त्याच नावाने अल्टरनेटरचा व्होल्टेज रेग्युलेटर मिळतो, आणि सी.एन.जी. किटाच्या रिड्यूसरलाही पुष्कळ लोक रेग्युलेटरच म्हणतात. 'पेट्रोल प्रेशर रेग्युलेटर' असे सांगावे, गाडीचे साल आणि इंजिनाचा प्रकार सांगावा, जुना पुर्जा सोबत न्यावा.

नव्या पुर्जावरचा दाबाचा आकडा जुन्याशी आणि सर्व्हिस पुस्तकाशी ताडून पाहावा. बाहेरून जुळे भाऊ दिसणारे दोन पुर्जे आतल्या स्प्रिंगने वेगळे असू शकतात. अडीच बारच्या जागी साडेतीनचा बसतो, बोल्टही लागतात, आणि गाडी पुन्हा धूर सोडते. मग माणूस म्हणतो, नवा टाकूनही फरक नाही.

मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांचे निघालेले पुर्जे मिळतात. दरवाजा, काच, दिवा, बंपर खुशाल घ्यावा. पण ज्याचा जीव रबरी पडद्यात आहे तो पुर्जा जुना घेऊ नये. भंगारातला पडदाही आपल्या गाडीइतकाच म्हातारा असतो. नकली मालाबद्दल आम्ही कापडवाल्यांनी जास्त सांगायला नको. पॉलिएस्टरला कॉटन म्हणून विकणारा जसा आपल्या धंद्यात आहे तसा त्या धंद्यातही आहे. पक्के बिल देणारा दुकानदार दोनशे रुपये महाग असला तरी स्वस्त पडतो.

पेट्रोलात आता इथेनॉल आहे

एक नवी गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी ध्यानात घ्यावी. आपल्याकडे पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते २० टक्क्यांवर आले. महाराष्ट्राला यात नवल नाही, उसाच्या मळीपासून आणि रसापासून ते बनते. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची रबरे २० टक्के इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली नव्हती. काही जातीची रबरे इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिलेला आहे.

याचा अर्थ दोन प्रकारे घ्यावा. ॲव्हरेज थोडे घटले तर लगेच पुर्जे बदलत सुटू नये. पण १४ चे १० झाले तर सारा दोष इथेनॉलवर टाकून स्वस्थही बसू नये. १४ चे ६ ते ७ टक्के म्हणजे एक किलोमीटरही होत नाही. बाकीचे तीन किलोमीटर कुठे गेले, हे विचारलेच पाहिजे. आणि नवा रेग्युलेटर, होज, ओ-रिंग घेताना ते इथेनॉल-मिश्रित पेट्रोलला चालणारे आहेत का, हेही दुकानदाराला विचारावे.

येथे हात लावू नये

वर सांगितलेली रीत परतीची नळी असलेल्या आणि रेलवर रेग्युलेटर बसलेल्या जुन्या गाड्यांची आहे. नंतरच्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत परतीची नळीच नाही. रेग्युलेटर टाकीत पंपाजवळ असतो आणि त्याला पातळ नळी लागत नाही. तेथे टाकीचे काम निघते, ते गॅरेजातच करावे.

डिझेलच्या कॉमन रेल गाड्यांना, म्हणजे आजच्या पिकअप आणि टेम्पोंना, ही रीत मुळीच लावू नये. तेथे दाब दोन-तीन बार नसतो, तो हजार बारच्या वर जातो. केसाएवढ्या फटीतून निघालेला फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि हात गमावण्याची पाळी येते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाड्यांतही दाब फार मोठा असतो. आमच्या माल वाहणाऱ्या बंधूंनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उस्तादांकडे

गाडी नीट झाली, पण आमच्या मनाला चैन नव्हते. नाशिकच्या त्या तरुणाने नळी ओढून दाखवली तेव्हाच आम्हाला उमगले होते की आमच्या उस्तादांनी चोरी केली नव्हती. पंप काढला तो खरोखर बदलला होता, जुना आम्हाला परतही दिला होता. त्यांच्याकडे कान होता, हात होता, गेज नव्हते. आणि अठरा वर्षांत आम्ही त्यांना कधी विचारले होते का, की उस्ताद, नव्या पद्धतीच्या गाडीसाठी तुमच्याकडे हत्यार आहे का? आम्ही फक्त 'मजुरी कमी करा' एवढेच विचारत आलो.

एका शुक्रवारी आम्ही फाटका रेग्युलेटर कागदात गुंडाळून त्यांच्या गॅरेजात गेलो. ज्या माणसांसमोर बोललो होतो त्यांतले दोघे-तिघे तेथे होतेच. त्यांच्यासमोरच माफी मागितली. उस्ताद काही बोलले नाहीत. पुर्जा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बारीक तोंडाला ओठ लावून हवा फुंकली. हवा पलीकडून सरळ बाहेर आली. "शेठ," ते म्हणाले, "हा एवढासा पुर्जा, आणि मी तुमचे इंजिन खोलायला निघालो होतो." मग मुलाला हाक मारून चहा सांगितला.

आज त्यांच्या भिंतीवर प्रेशर गेज टांगलेले आहे. अर्धे पैसे आम्ही घातले, मजुरीत वळते करून घेण्याच्या बोलीवर. त्यांचा धाकटा मुलगा नाशिकच्या त्या तरुणाकडे महिनाभर काम शिकून आला. गेल्या सहा महिन्यांत त्या गेजने दोन गाड्यांचे पंप विनाकारण बदलायचे वाचवले, असे उस्ताद सांगतात.

आमच्या मिस्त्री बंधूंना विनंती एवढीच की, हाताची कला आहेच, तिला मापाची जोड द्या. पुर्जा बदलण्याआधी गिऱ्हाईकाला आकडा दाखवा. जो आकडा दाखवतो त्याच्याशी कोणी भाव करीत नाही. आणि व्यापारी बंधूंना सांगणे असे की, मिस्त्री बदलण्याआधी त्याला तपासणीचे पैसे द्या. आपण फक्त पुर्जाचे आणि मजुरीचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. म्हणून तोही निदान न करता पुर्जेच बदलत राहतो. शंभर-दोनशे रुपये तपासणीचे दिले असते तर आमचे अकरा हजार वाचले असते, आणि भर बाजारात एका भल्या माणसाची मान खाली गेली नसती.

या शुक्रवारी आपल्या गाडीचे बॉनेट उघडा. ती पातळ नळी शोधा, काढा, वास घ्या. कोरडी असेल तर शुक्र माना. ओली असेल तर पुढच्या फेरीला निघू नका.